जलावतरणाचं आमंत्रण घेऊन

लोणंदच्या पुढं डब्यात मुंबईचं असं कोणी उरलं नाही. कांद्याच्या बाजाराहून परतणारी माणसं, सुट्टीवर निघालेले दोन फौजी आणि मी.

"कुटं निगालाय, पावनं?" समोरच्या फौज्यानं विचारलं.

"कवठे महांकाळकडं. मी गोदीत असतो. नौदलाचं नवं जहाज पाण्यात उतरवायचंय. त्याचा नारळ फोडायला एका बाईंना न्यायला आलोय."

"लढायचं जहाज?"

"लढणाऱ्या जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, धान्य पोचवणारं."

"म्हंजी आमच्या रसदीच्या गाडीवानी," असं म्हणून त्यानं मला खिडकीची जागा दिली. मीही ती ऐटीत घेतली.

त्या बाई म्हणजे तानूबाई. त्यांचा मुलगा महादू आमच्याकडं वेल्डर होता. याच जहाजाच्या तेलाच्या टाकीत काम करताना तो परांचीवरून पडला आणि गेला. नारळ महादूच्या आईच्या हातून फुटावा, असं त्याच्या सोबत्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब हो म्हणाले. मी कामगार कल्याण खात्यातला कारकून, म्हणून आणायचं काम माझ्याकडं आलं.

कराड मागं पडलं तसा दोन्ही अंगांनी ऊस दाटत गेला. मिरजेला छोट्या रुळांची गाडी धरली आणि ऊस हळूहळू विरळ होत संपलाच. मग उघडे माळ, बाभळी, मधूनच शाळूचा एखादा हिरवा तुकडा. गाडी इतकी सावकाश चालते की एक गृहस्थ आपल्या रानाशी उडी टाकून उतरले. कवठ्याला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल हातात घेऊन, खड्यांवरून लंगडत मी गावात शिरलो.

तानूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नारळ मी फोडायचा? आवं, मी पांढऱ्या कपाळाची बाई."

"मावशी, आता असलं कोणी मानत नाही. आणि तुमचं नाव महादूच्या सोबत्यांनीच घेतलंय."

"तुमी म्हनताय तर येते," त्या म्हणाल्या.

रात्री जेवायला भाकरी आणि म्हाद्या (शेंगदाण्याच्या कुटाची आमटी) होती. सकाळी सरपंचांनी नवं लुगडं आणून दिलं, ते नेसून तानूबाई निघाल्या. स्टेशनापर्यंत निम्मं गाव सोडायला आलं. गाडीत तानूबाई खिडकीशी बसल्या. "लय मोटी हाय का बोट?" त्यांनी विचारलं. मी हात पसरून सांगत राहिलो. त्या दिवशी मी फार बोललो.

मिरजेला उतरल्यावर कोणत्या गाडीनं येतोय ते कळवावं, म्हणून मी पोस्टातून गोदीत ट्रंक कॉल लावला. पलीकडं आमच्या खात्याचे अधिकारी होते.

"बेत बदललाय. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी नारळ फोडतील. विधवा बाईच्या हातून नको, असं वरून आलंय. त्यांना आणा, मांडवात बसवा."

"बरं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

तानूबाई फलाटावर गाठोडं मांडीशी घेऊन बसल्या होत्या. मी आधी चहा आणला. मग सांगितलं, "मावशी, नारळ दुसऱ्या बाई फोडणार आहेत. तुम्हाला पुढच्या रांगेत खुर्ची आहे." पुढची रांग मी माझ्याच मनानं घातली होती.

"सवाष्ण आसंल," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"म्हादू पडला ती टाकी तर बघाय घावंल?"

"त्या दिवशी आत सोडत नाहीत."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग माघारी चला. खुर्चीवर बसाय एवढ्या लांब कशाला यायचं?"

मी आग्रह करायला हवा होता. निदान पुन्हा पोस्टात जाऊन अधिकाऱ्यांशी भांडायला हवं होतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. त्या सबंध प्रवासात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या सुटकेची. परतीच्या गाडीत त्यांनी गाठोडं सोडलं आणि महादूच्या सोबत्यांसाठी केलेली धपाटी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

गावात पारावर सरपंच भेटले. "का वं तानूआक्का, माघारी फिरला?"

मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. "बोट व्हायचीय आजून. मिरजंत सायबास्नी सांगावा आला. काम ऱ्हायलंय म्हनं."

"आवं सायेब, आदी इचारून तरी निगायचं," सरपंच म्हणाले. पारावरची माणसं हसली.

"त्यांचा काय दोस," तानूबाई म्हणाल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. नवं लुगडं त्यांनी सोडलं, नीट घडी घातली आणि ते सरपंचांच्या घरी परत पाठवून दिलं.

सकाळी मी निघालो. येताना डब्यात कोणी काही विचारलं नाही. लोणंदला पुन्हा कांद्याची पोती चढली. मी त्यांच्या आड बसून राहिलो.

जलावतरणाच्या दिवशी गोदीत पताका लागल्या होत्या. रेशमी साडीतल्या एका बाईंनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, आणि ते अवाढव्य जहाज उतारावरून घसरत पाण्यात गेलं. महादूच्या जोडीला काम करणारा वेल्डर गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला.

"तानूमावशी कुठं आहेत? आम्ही सगळे शोधतोय."

अधिकारी माझ्या शेजारीच उभे होते.

"त्यांना बरं नव्हतं," मी म्हणालो. "प्रवास झेपला नसता."

त्याला ते खरं वाटलं. तो हळहळला आणि म्हणाला, "मग पुढच्या जहाजाला आणू त्यांना."

"हो," मी म्हणालो.