माळेत विणलेला निशिगंध

बायकोने माहेरून आणलेले निशिगंधाचे कंद मी आमच्या नागावच्या वाडीत पांढऱ्या कांद्याच्याच वाफ्यात लावले. काढणीला सगळं एकत्र उपटून वाळवलं. कांद्यांच्या माळा विणायला आलेल्या बाईने गप्पा मारत कंदही त्यांतच विणून टाकले. तिची बोटं थांबतच नसत. शेजारी बसलो तर माझ्या पंच्याच्या दशाही विणल्या.

माहेरी गेलेली बायको संध्याकाळी परतणार होती. मी घाबरून विचारलं, "यातला निशिगंध कुठला?"

"कापून बघा. रडू आलं तर कांदा."

मी एकाच सुरीने कापत सुटलो, त्यामुळे प्रत्येकाला रडलो. निम्मा ढीग चिरून झाला आणि बायको दारात!

बाई हात न थांबवता म्हणाली, "वहिनी, रागावू नका. भाऊ सकाळधरनं तुमच्या फुलांसाठी रडतायत."

बायकोने पदराने माझे डोळे पुसले. मी अजून खुलासा केलेला नाही.