संताच्या वजनाचा गूळ

आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वरच्या फळीवर, दीड फूट उंचीचे एक संत उभे आहेत. तपकिरी झगा, कमरेला दोरी, डोक्यावर मधोमध टक्कल, एका हातात लिलीचं फूल आणि दुसऱ्या हातावर बाळ. हरवलेलं शोधून देणारे संत म्हणून आम्हा कॅथलिकांत त्यांची ख्याती. आईनं ती मूर्ती मला लग्नात दिली, कारण चष्मा, छत्री आणि डोकं हरवण्यात मी लहानपणापासून पटाईत.

शेजारच्या काकूंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा झालेला संवाद मला अजून पाठ आहे.

"हा कुठला देव ओ बाई?" मी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते.

"देव नाहीत काकू. संत आहेत."

"आणि पोरगं त्यांचंच?"

"नाही, नाही. त्यांचं लग्नच झालं नव्हतं."

काकूंच्या भुवया वर गेल्या. मी घाईघाईनं म्हणाले, "ते बाळ म्हणजे देव. बाळ येशू."

काकू फळीजवळ गेल्या, पदरानं संतांच्या खांद्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "म्हंजे ल्हान हाय त्यो देव, आणि मोठा हाय त्यो माणूस?"

"हो."

"देवाला सांभाळाय माणूस ठेवलाय म्हणा की."

मी तीस वर्षं पोरांच्या चुका काढून खाल्लंय. चूक दिसली की हातात लाल पेन नसलं तरी माझी बोटं वळवळतात. पण या वाक्यात नेमकी चूक कुठं आहे ते मला त्या दिवशी सापडलं नाही, आणि त्याचा मला फार राग आला.

त्यात माझा नवरा कोडोलीचा. तोही ख्रिस्तीच, पण त्यांचा पंथ वेगळा. त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती नसतात, भिंती कोऱ्या असतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो फळीकडं हात करून "तुझे तेहतीस कोटी काय म्हणतात?" असं विचारतो. म्हणजे बघा, काकूंना वाटायचं मी मूर्तीची पूजा करते आणि ते चांगलं आहे. नवऱ्याला वाटायचं मी मूर्तीची पूजा करते आणि ते वाईट आहे. मी मूर्तीची पूजा करत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं.

एकदा चहाच्या वेळी मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की पूजा फक्त देवाची. संत म्हणजे देवाजवळ पोचलेली माणसं. त्यांना आपण मान देतो आणि विनंती करतो की आमच्यासाठी देवाकडं शब्द टाका. जे मिळतं ते देव देतो, संत नाही.

काकूंनी बशी खाली ठेवली. "आलं ध्यानात. पी.ए. हाय त्यो."

मी म्हटलं, चला, निदान दिशा तरी बरोबर आहे.

"सायबाला गाठायचं तर आदी पी.ए.ला धराय लागतंय. मग त्यांस्नी काय चालतंय? गोडं का खारं, म्हंजे मटनाचं?"

"काही नाही चालत. ते काही घेत नाहीत."

काकूंनी संतांकडं बराच वेळ संशयानं पाहिलं. काहीच न घेणारा पी.ए. त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि असला माणूस काम करत असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. नवरा हसून हसून लाल झाला. मी कपबशा उचलल्या आणि आत जाऊन जरा जोरातच घासल्या.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काकूंचे यजमान जन्मभर गुळाच्या अडत-दुकानात तोलाईला होते. ढेप काट्यावर ठेवायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि वजन खणखणीत आवाजात पुकारायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पुकारलेलं वजन शेतकरी आणि व्यापारी दोघंही दुसऱ्यांदा बघत नसत. असा माणूस गेल्या तीन वर्षांत हळूहळू विसरत गेला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग लेकींची नावं. शेवटी काकूंनाही ते ओळखेनासे झाले. त्यांच्या लेखी आम्ही सगळे पावणं. काकू जेवायला वाढायच्या तेव्हा ते अदबीनं म्हणायचे, "बास पावणं, लई झालं." काकू त्यावर हसायच्या आणि आणखी एक भाकरी वाढायच्या.

गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी काका कामाला निघाले. निवृत्त होऊन त्यांना एक तप उलटलं होतं. काकू अंघोळीला गेल्या होत्या, दाराची कडी आतून काढलेली, चपला गायब. गल्लीतल्या लोकांनी गाड्या काढल्या. मार्केट यार्ड, पंचगंगेचा घाट, एसटी स्टँड, सगळं पालथं घातलं. पोलिसांत फोटो दिला. दुपार झाली तरी पत्ता नाही.

काकूंचं तोपर्यंत जोतिबाला साकडं घालून झालं होतं, अंबाबाईची ओटी बोलून झाली होती. मग त्या आमच्या घरात शिरल्या. मला काही बोलल्या नाहीत. चपला दाराबाहेर काढल्या, फळीसमोर उभ्या राहिल्या आणि संतांना अक्षरशः दरडावलं.

"ए बाबा! माझा माणूस हुडकून दे. तुझ्या वजनाचा गूळ वाटतो!"

आणि मी काय करावं? मी म्हणाले, "काकू, संतांना असा नवस नसतो बोलायचा. ते..."

"बाई," काकू वळून म्हणाल्या, "तुमची शाळा उद्या."

मला माझीच लाज वाटली. मी त्यांचा हात धरला, जे मी आधीच करायला हवं होतं.

चारच्या सुमाराला फोन आला. काका हातकणंगल्यात सापडले होते, बहुधा सकाळच्या रेल्वेत बसून गेले असावेत. रेल्वे स्टेशनाजवळ एक खताचं दुकान आहे. सकाळी एक टोपीवाले गृहस्थ आले, काट्याशेजारी स्टुलावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक पोत्याचं वजन पुकारू लागले. दुकानदाराला वाटलं कंपनीनं तपासणीला माणूस पाठवलाय. त्यानं भीतीपोटी त्यांना दोन वेळा चहा आणि एकदा मिसळ दिली. काकांनी एक पोतं चारशे ग्रॅमनं कमी भरल्याचं दाखवून दिलं तेव्हा तर तो उभाच राहिला. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यानं साहेबांचं नाव विचारलं आणि काकांना ते सांगता येईना, तेव्हा त्यानं पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू किराणा दुकानातला काटा घेऊन आमच्या दारात हजर. नवस फेडायचा होता. मी विरोध करून पाहिला. नवऱ्यानं मात्र उत्साहानं टीपॉय रिकामा केला. संतांना खाली उतरवलं, पुसलं आणि काट्यावर उभं केलं.

तीन किलो दोनशे.

काकूंनी काटा हलवून पाहिला. मग मूर्ती उचलून खालून बघितली. आत पोकळ. प्लॅस्टरची मूर्ती पोकळच असणार, पण काकूंचा चेहरा फसवल्यासारखा झाला.

"बाई, माझा माणूस सव्वातीन किलोचा व्हय?"

"अहो काकू, मूर्ती आहे ती!"

"त्यातबी पोराचं वजन हाय. ते धरायचं का वजा करायचं?"

"देवाचं वजन कसं धरणार?" नवरा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पेपर घेऊन आत गेला.

काकूंचं म्हणणं साधं होतं. संत कधीतरी खरोखर जिवंत होते ना? मग जिवंतपणी त्यांचं जे वजन होतं तेवढा गूळ वाटायचा. ते वजन किती, हे मी सांगावं. मी इतकी वर्षं त्यांना घरात ठेवलंय आणि मला एवढंही माहीत नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

मी चिडले. म्हणाले, "काकू, तुम्ही चिमूटभर साखर दिली नाही तरी संत रागावत नाहीत. ते सूड घेत नाहीत."

"तुमच्यात न्हाय घेत," काकू हळूच म्हणाल्या. "पर मी माझ्या रीतीनं बोललोय न्हवं? वजनात कमी पडलं आन् ते परत घरातनं गेलं तर? दर खेपंला खताचं दुकान घावतंय व्हय?"

आता माझ्या ध्यानात आलं. त्या रात्रभर दाराकडं बघत होत्या. काकांच्या शर्टाचं टोक स्वतःच्या पदराला बांधून त्या आडव्या झाल्या होत्या.

रविवारी मी त्यांना चर्चमध्ये घेऊन गेले. खरं सांगते, मनात आनंद होता. फादर आता यांना नीट समजावतील, संत म्हणजे देव नव्हे, नवस वगैरे आपल्यात नसतं, आणि मी बाजूला हात बांधून उभी राहीन. मिस्साची उपासना संपल्यावर काकूंनी फादरांना गाठलं आणि सरळ विचारलं, "फादर, ह्या तुमच्या संतांचं वजन किती हुतं?"

फादरांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. काकूंनी मग सगळं सांगितलं, खताच्या दुकानासकट. फादर ऐकत राहिले आणि म्हणाले, "वजन करायचंच आहे. फक्त तुम्ही चुकीच्या माणसाचं करताय."

माझे बांधलेले हात सुटले.

फादरांनी सांगितलेली गोष्ट अशी. फार पूर्वी, त्या संतांच्या गावात, एका बाईचं मूल पाण्यात बुडालं. तिनं संतांना विनवलं, मूल जगलं तर त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना देईन. मूल जगलं म्हणतात. तेव्हापासून रीत पडली. ज्याचं हरवलेलं परत मिळतं, त्यानं उपाशी माणसाला भाकर द्यायची. चर्चच्या मागच्या बाजूला जी लाकडी पेटी आहे, ती त्याचीच.

त्या पेटीत मी लहानपणापासून नाणी टाकत आले होते. ती चर्चच्या रंगरंगोटीची आहे, असा माझा ठाम समज होता. पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'गरिबांची भाकर'. मी मराठीची शिक्षिका.

"बाकी, ते देव नाहीत बरं का," फादर काकूंना म्हणाले.

"ते बाईंनी सांगितलंय की," काकू म्हणाल्या. "बाईंस्नी सगळं ठावं हाय." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

वजन काकांचं करायचं, मग काटाही त्यांचाच हवा, असं काकूंनी ठरवलं. बुधवारी आम्ही चौघं त्यांच्या जुन्या अडत-दुकानात गेलो. तिथं आता आकडे चमकणारा विजेचा काटा आहे, पण मालकानं मागच्या खोलीतून जुना लोखंडी काटा ओढून काढला. गुळाच्या ढेपा काढून ठेवल्या होत्या, वजन कळलं की तेवढा गूळ बांधून घ्यायचा होता. गुरुवारी सरकारी दवाखान्याबाहेर बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना तो भाकरीबरोबर वाटायचा होता, भाकऱ्या काकू स्वतः थापणार होत्या.

काटा बघितल्याबरोबर काकांची पाठ ताठ झाली. ते काट्यावर चढायलाच तयार होईनात. तोलायचं त्यांनी, तोलून घ्यायचं इतरांनी, असाच त्यांचा जन्म गेलेला. शेवटी मालक म्हणाला, "काका, काटा बरोबर हाय का बगा की जरा." मग ते चढले. लगेच उतरले. चपला काढल्या, टोपी काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, "बारदान वजा," पोत्याचं वजन वगळायला सांगतात तशा आवाजात म्हणाले आणि पुन्हा चढले.

काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. घरातून निघाल्यापासून सोडलाच नव्हता.

काकांनी दांडीकडं पाहिलं. मग काकूंकडं पाहिलं.

"ओ पावणं, हात काढा. तुमचं वजन येतंय त्यात."

"येऊ दे की," काकू म्हणाल्या.

"खोटं वजन मी पुकारत न्हाय."

काकूंनी एकेक बोट सोडवत हात काढला आणि तोच हात स्वतःच्या तोंडावर धरला. दार उघडं होतं, बाहेर रस्ता होता. काका हलले नाहीत. दांडी वरखाली झाली, हळूहळू थांबली, आणि काकांनी सबंध पेठेला ऐकू जाईल असं पुकारलं, "एकसष्ट किलो सातशे! लिवा!"

माझ्या नवऱ्यानं, कोऱ्या भिंतींच्या चर्चमध्ये वाढलेल्या त्या माणसानं, खिशातून कागद काढून ते लिहिलं. मी रडत होते आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

काका काट्यावरून खाली उतरले. पायात चपला सरकवल्या, टोपी घातली. मग काकूंपुढं हात केला आणि म्हणाले, "आता धरा, पावणं."