गाड्यांची माडी

बालाजीरावांकडे स्वतःची गाडी नाही. सायकल होती, ती मुलीनं भंगारात घातली. तरी चेन्नई बंदरातून परदेशी गेलेल्या किती गाड्या या माणसाच्या हातून बोटीत चढल्या, देव जाणे! कारखान्यातून आलेली करकरीत गाडी आवारातून काढायची, धक्क्यावरून बोटीच्या पोटात घालायची, आतला माणूस हातवारे करील तशी लावायची, आरसे मिटायचे आणि शेजारच्या गाडीला पट्ट्याचं बक्कलसुद्धा घासू न देता अंग चोरून बाहेर पडायचं. सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

दिवसाच्या पहिल्या गाडीत बसलं की ते स्टिअरिंगवर तळवा ठेवून समुद्राकडे मान लववायचे. गावातली नवी गाडी कशी देवळासमोर लिंबू चिरडून मग रस्त्याला लागते. या बिचाऱ्या परमुलखात चालल्या, यांचं कोण करणार? म्हणून तेवढा एक नमस्कार. गेली कित्येक वर्षं त्यात खंड नव्हता. मागं हायकोर्टाचे लाल घुमट, पुढं समुद्र. दिशा चुकायचं कारणच काय?

मग बंदराचा धंदा वाढला. कंटेनर एकावर एक चढले, ट्रेलरची रांग पार रॉयापुरमपर्यंत लागू लागली, आणि गाड्या ठेवायला जागा पुरेना म्हणून मोकळं आवार जाऊन तिथं मजल्यांवर मजले उभे राहिले. ड्रायव्हर मंडळी तिला गाड्यांची माडी म्हणू लागली. आत शिरलं की सगळीकडे तेच. तेच खांब, तेच दिवे, त्याच पांढऱ्या गाड्या. ना घुमट, ना समुद्र. पहिल्याच सकाळी बालाजीरावांनी तळवा ठेवला आणि मान कुठं लववायची तेच कळेना. शेवटी एका भिंतीलाच नमस्कार घडला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात उतार सापडेना. गाडी घेऊन खाली जायचं, तर हे वर. वरून वळले, तर पुन्हा तिथंच! हे त्यांनी आधी पाहिलं होतं. त्यांचे वडील जॉर्ज टाउनातल्या एका पेढीवर कारकून. शेवटी शेवटी ते घराच्या कोपऱ्यावर उभे राहून घराचा पत्ता विचारायचे, आणि फुलवाली हाताला धरून आणून सोडायची. तीच बला आपल्या मागं लागली की काय? बालाजीरावांनी हे बायकोला, अंबुजाला, सांगितलं नाही. मुलीला, रंजनीला, तर नाहीच नाही. गुपचूप अंबुजाच्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि उताराजवळच्या खांबावर चिकटवली. टिकली दिसली की वळायचं. झालं!

त्यात नेमकं बढतीचं निघालं. कारखान्यातर्फे गाड्या रवाना करणारा अद्वय हा नाशिकचा पोरगेला इंजिनियर. बालाजीरावांचं तंजावरी मराठी ऐकलं की खूश व्हायचा. "काका, तुम्ही बोललात की बखर वाचल्यासारखं वाटतं," म्हणायचा. त्यानंच विचारलं, "काका, ड्रायव्हरांचे मेस्त्री, म्हणजे मुकादम, व्हाल? सगळ्यांच्या पुढं तुमची गाडी, मागं बाकीचे. शुक्रवारपर्यंत सांगा."

आता आली का पंचाईत! हो म्हणावं, तर ज्याला उतार सापडत नाही त्यानं वाट दाखवायची. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. बालाजीराव इडली चावता चावता थांबायचे, आणि अंबुजा विचारायची, "काय हो, मीठ कमी पडलं की?" ते म्हणायचे, "नाही, नाही. सरी आहे, बरोबर आहे."

मंगळवारी बोट लागली. बंदरात कोणी बडे पाहुणे येणार म्हणून पहाटेच माडी धुऊन काढली होती. अद्वयनं मुद्दाम बालाजीरावांना पुढं घातलं, मागं सगळी गाड्यांची ओळ, शेवटच्या गाडीत तो स्वतः. वळणावर आले आणि पाहतात तो खांब लख्ख, टिकली गायब! गाडी डावीकडं घेतली. मग उजवीकडं. मागची ओळ इमानदारीत त्यांच्या मागोमाग. फिरत फिरत ते आपल्याच ओळीच्या शेवटच्या गाडीमागं येऊन उभे राहिले. आता संपलं, असं त्यांना वाटलं.

शेवटच्या गाडीतून अद्वय उतरला, तोंड उतरलेलं. "काका, उतार कुठंय?"

"तुम्हांस ठाऊक नाही?"

"माझी निळी पट्टी होती हो खांबावर. धुतली मेल्यांनी!"

तेवढ्यात पुढचा ड्रायव्हर ओरडला, त्यानं विभूतीची बोटं ओढली होती, ती गेली. दुसऱ्याची खडूची फुली गेली. सगळे वाट चुकत होते, सगळे खुणा करत होते, आणि सगळे एकमेकांपासून चोरत होते! बालाजीरावांना असं हसू फुटलं की डोळ्यांना पाणी आलं. शेवटी हॉर्नचा गोंधळ ऐकून खालची रखवालदार भवानी धावत आली. ती शिट्टी फुंकत पायी पुढं, मागं दिवे लावलेल्या गाड्या. उतारावर वळून तिनं विचारलं, "वरात निघाली, बरंय. पण नवरा कुठाय?"

शुक्रवारी बालाजीरावांनी छाती काढून हो सांगितलं. अद्वयनं तिथंच हात मिळवला. सोमवारपासून मेस्त्री. येताना म्हैसूरपाक घेतला, पाय कसे हलके पडत होते. घरी आल्यावर कॉफी होईपर्यंतसुद्धा त्यांना दम निघेना. इतके दिवस मनात कोंडलेलं सगळं आज पहिल्यांदा बायकोला सांगायचं होतं. टिकली चोरली तीही कबूल केली. अंबुजा पदर तोंडाला लावून हसली. रंजनी मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती.

"आणि ती भवानी, ठाऊक आहे, वळून काय म्हणते..."

"नवरा कुठाय!" अंबुजा हसता हसता बोलून गेली.

बालाजीराव थांबले. "तुज कसं कळलं?"

अंबुजाचं हसू मावळलं. तिनं रंजनीकडं पाहून डोळ्यांनी दटावलं, पण पोरीच्या तोंडून निघालंच, "अप्पा, तुम्ही हे मंगळवारीच सांगितलं. कालही."

"टिकलीचंही?"

"टिकलीचंही."

त्यांनी आठवून पाहिलं. मंगळवारची संध्याकाळ. कालची संध्याकाळ. तिथं काहीच नव्हतं. कॉफी पुढ्यात आली होती, ती निवत चालली. सोमवारी सगळी ओळ आपल्या मागं असणार, एवढं मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं.

"मग तू आज हसलीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"हसू आलं म्हणून हसले. कालही आलं," अंबुजा म्हणाली. "तुम्ही सांगा की पुढं. मज ऐकायचं आहे."

बालाजीरावांनी तोंड उघडलं. पुढं काय झालं होतं? माडीतून सगळे खाली उतरले, आणि मग?

"तूच सांग," ते हळूच म्हणाले.

अंबुजा त्यांच्याजवळ सरकली आणि सांगू लागली.