फ्यूजची नवी पेटी

श्रीगजाननाला वंदन करून, खंडेनवमीच्या सकाळी अंगणात जे पाहिले ते लिहितो.

माझी कन्या वसुधा घाटापलीकडच्या दवाखान्यात परिचारिका आहे. काल परतताना तिच्या जुन्या मोटारसायकलचा एकुलता एक फ्यूज भर घाटात उडाला आणि दिवा विझला. आज सकाळी शेजारचे भाऊ म्हणाले, "तार गुंडाळून देतो, पुन्हा उडायचा नाही."

"मग फ्यूजऐवजी गाडी जळेल, भाऊ," म्हणत ती नवी पेटी बसवू लागली. आता दिव्याचा फ्यूज वेगळा, हॉर्नचा वेगळा.

मी हळदकुंकवाचे तबक घेऊन उभा होतो. "वसू, मुहूर्त टळतो आहे."

"टळू दे, आबा. घाटात दिवा टिकला पाहिजे."

मी तबक खाली ठेवले. भार असह्य होताच स्वतः वितळून इतरांना वाचवणारी फ्यूजमधली ती बारीक तार मी पाहत राहिलो. एकाच्या तुटण्याने सारेच अंधारू नये, अशी व्यवस्था स्वहस्ते करणे हीही आराधनाच होय.

किल्ली फिरली, दिवा लागला. मुहूर्त केव्हाच सरला होता. त्या उजळ काचेला मी पहिले कुंकू लावले.

वाचकहो, तुमच्या घरातून बाहेर पडलेले प्रत्येक माणूस उजेडात घरी परतो.