काचबाई आणि पोटातली गाठ

...तर बरणीचं झाकण उघडलं मात्र, असा भपकारा आला की जाडा तंत्रज्ञ नाक दाबून थेट व्हरांड्यात पळाला. गाठ दोन मुठींएवढी आणि तळाला मांस नासू न देणारं फॉर्मॅलिन जेमतेम दोन बोटं! वरचा भाग पार नासलेला.

मांसाच्या चकत्या काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रोग ओळखायचा, हे बाईंचं तीस वर्षांचं काम. म्हणून सगळं इस्पितळ त्यांना काचबाई म्हणे. वासाला त्या कसल्या भितात! त्यांना शिसारी आली ती सोबतच्या कागदाची. ‘पोटात गाठ. कर्करोग?’ एवढंच खरडलेलं, आणि ‘आधीचं ऑपरेशन’ या रकान्यात आडवी रेघ.

“शी! छत्री दुरुस्तीला टाकतानासुद्धा माणूस चार गोष्टी सांगतो,” त्या करवादल्या. “इथे बाईचं पोट फाडलंय, आणि यांना रेघ सुचते!”

गाठ कापली तर आत पिवळा, बुळबुळीत लगदा. त्यांनी त्याचे तुकडे घेतले. दुसऱ्या दिवशी काच भिंगाखाली सरकवली. कर्करोगाच्या पेशी औषधालाही नाहीत! भल्यामोठ्या पेशी कशाला तरी गराडा घालून बसलेल्या. खास प्रकाशात धरलं, तसं ते ‘काहीतरी’ लखलखलं. सुती धागे!

काचबाई तडक वॉर्डात गेल्या. खाटेवर गाठ काढलेल्या मावशी, शिवणकामावर पोट भरणाऱ्या, चेहरा उतरलेला.

“मावशी, याआधी पोट उघडलं होतं?”

“हो की. चार वर्षांपूर्वी पिशवी काढली, आत्ता गाठ काढली त्याच डॉक्टरांनी. बाई, कॅन्सरच आहे ना? खरं सांगा. लेकीला बोलावलंय, मशीन तिच्या हवाली करते.”

काचबाईंची कानशिलं तापली. म्हणजे ती रेघ विसरून ओढलेली नव्हती तर!

त्यांनी खाली येऊन रिपोर्ट लिहून संपवला न संपवला तोच, वॉर्डातून कुणकुण लागलेल्या त्या सर्जनचा फोन. आवाजात लोणी. “बाई, ‘जुनी सूज’ एवढंच लिहा ना. धाग्यांचं कशाला? आपण काय परके आहोत?”

काचबाई म्हणाल्या, “डॉक्टर, कॅन्सर नाही, रक्त टिपायचं तुमचंच सुती गॉज त्या वेळी आत राहिलं होतं, हे मावशींना सांगून आले आणि रिपोर्टवर सहीही केली, आता वर जाऊन त्यांच्यासमोर हात जोडा, आणि पुढच्या वेळी बरणीत गाठ बुडेल एवढं फॉर्मॅलिन ओता, किळसवाणं काम सगळं!”