साक्षीला विनीत

सरोज आठल्ये गॅस बंद केला की नाही हे बघायला कधी जिन्यातून परत फिरल्या नाहीत. एकदा बघितलं म्हणजे बघितलं. नौपाड्यातल्या घरात त्यांचा स्वतःवर असा गाढ विश्वास. ऑफिसात मात्र कवडीचा नाही. तिथे त्यांच्या एका चुकीने दुसऱ्याच कुणाचं तरी काही कायमचं गेलं असतं.

त्यांची कंपनी छोट्या दवाखान्यांचे आणि लॅबचे सर्व्हर सांभाळायची. डिस्कचे रोज स्नॅपशॉट घेतले जात, म्हणजे त्या घटकेला डिस्कवर जे असेल त्याची जशीच्या तशी नोंद. काही बिघडलं तर तिथून मागे जाता येतं. पण साठत गेले की ते जागा खातात, म्हणून जुने पुसायचे. आणि पुसले की गेले; देवाकडे अर्ज केला तरी परत येत नाहीत.

पुसायला सरोजताईंनी स्वतः एक टूल लिहिलं होतं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. सगळे त्याला ‘झाडू’ म्हणत. हा झाडू एकट्याच्या हाताने चालत नसे. एकाने कमांड दिली की तो दुसऱ्याचं नाव आणि पासवर्ड मागे. दुसऱ्याने काय पुसलं जाणार ते बघायचं आणि मगच साक्ष द्यायची. पोरं कुरकुरायची.

“ताई, कचरा काढायचाय, रजिस्टर लग्न नाही लावायचं!”

“तेच समज,” ताई म्हणायच्या.

यातला सगळ्यात लाडका विनीत. मूळ राजापूरकडचा, राहायला डोंबिवलीत. त्याला कामाला ताईंनीच लावलं, शिकवलंही त्यांनीच. त्याची बायको रुचिता कल्याणला बाळंतपणाला ॲडमिट होती तेव्हा तो रजेवर होता. इकडे एक डिस्क भरत आली आणि साक्षीला दुसरं कुणी जागेवर नव्हतं. त्याने फोनवर पासवर्ड सांगून टाकला. “माझ्या नावाने तुम्हीच हो म्हणा, ताई. तुमच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर?”

ताईंनी स्वतःचा नियम तेवढा एकदा मोडला. माया आंधळी असते म्हणतात ते उगाच नाही. बारशाला त्या चांदीचे वाळे घेऊन गेल्या.

मग वर्तकनगरच्या एका एक्स-रे सेंटरची डिस्क बदलायची निघाली. सगळं नव्या डिस्कवर हलवायचं काम विनीतकडे. जुनी डिस्क काढून झाली होती, मागे उरले होते फक्त तिचे स्नॅपशॉट. दुपारी विनीत ताईंच्या टेबलाशी आला.

“सगळं गेलं नवीनवर. मी चेक केलेलं. मारा झाडू.”

“नक्की?”

“अहो ताई, नक्की म्हणजे नक्की!”

ताईंनी कमांड दिली. विनीतने वाकून, त्यांच्याच कीबोर्डवर, आपलं नाव आणि पासवर्ड घातला. झालं. त्याने काही चेक केलेलं नव्हतं. निम्मे एक्स-रे नव्या डिस्कवर पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या फुफ्फुसाचा जुना फोटो डॉक्टरांना ताडून बघायचा होता. तो जगात कुठेच नव्हता.

मॅनेजर प्रशांतने दोघांना आत बोलावलं. ताई निर्धास्त होत्या. चूक दोघांची आहे, दोघं मिळून कबूल करू, एवढंच त्यांच्या मनात.

“मी जागेवर नव्हतोच, सर,” विनीत म्हणाला. “चहाला गेलेलो. ताईंना माझा पासवर्ड माहितीय.”

ताईंना आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय.

प्रशांतने विचारलं, “सरोजताई, तुम्ही कधी याच्या नावाने साक्ष दिली होती?”

एक ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. ‘हो’ म्हणजे आयुष्यभर राखलेलं नाव आणि नोकरी, दोन्ही पाण्यात. विनीत खाली बघत बसला होता, अगदी शांत. ताई खोटं बोलायच्या नाहीत, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? त्याने डाव मांडला होता तो त्यांच्या खरेपणावर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“दिली होती. एकदा, रुचिताच्या बाळंतपणात. पण परवा नाही. परवा त्याने स्वतः…”

पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. झाडू साक्षीदाराचं नाव तेवढं लिहून ठेवायचा. बोटं कुणाची होती हे त्याला कुठून कळणार? प्रशांत मऊ आवाजात म्हणाला की राजीनामा दिलात तर बरं, काढून टाकायला आम्हालाही आवडणार नाही.

बाहेर लिफ्टपाशी विनीत मागून आला. “ताई, रागावू नका हां. घरी लहान बाळ आहे ओ. आणि तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत.”

त्याच्या मुस्काटात द्यावी असं ताईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हात उचलला नाही.

“मला ताई म्हणू नकोस.”

“बरं, मॅडम,” तो म्हणाला. लगेच, एकदाही न अडखळता. आत प्रशांतसमोर कोरडे राहिलेले सरोजताईंचे डोळे तिथे भरून आले.