यंत्रमाग थांबले तेव्हाचं अंतराळ

अमरावतीत गच्चीवर आभाळ पाहायला जमणाऱ्या आमच्या मंडळींत एक दंड ठरलेला आहे. अंतराळाची लहानपणची आठवण सांगताना ज्याने नसलेला टीव्ही लावला, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची.

नसलेला टीव्ही लावणं म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आमच्यातले काही शाळेत होते, आणि आपला पहिला माणूस रशियाच्या यानातून वर गेला तेव्हा उरलेले. ती चित्रं आम्ही नंतर इतक्या वेळा पाहिली, आधी टीव्हीवर आणि आता मोबाईलवर, की प्रत्येकाला वाटतं, आपण ती त्याच दिवशी पाहिली. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसत असतं.

पहिला दंड भरला तो गच्चीच्या मालकांनी. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे दर्यापूरचे. आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणतो. चंद्रावरचं पहिलं पाऊल आपण दर्यापुरात टीव्हीवर पाहिलं, असं ते वर्षानुवर्षं छातीठोक सांगत आले होते. एका रविवारी अकोटच्या काकूंनी हातातला चहा खाली ठेवला. या काकू माळ्याच्या लेक, माहेर अकोटचं, अमरावतीत त्यांचं फुलांचं दुकान आहे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दर्यापुरात तवा टीव्ही कुठी लावला होता तुमी? बाभळीले?"

काका चिडले. आठवडाभर बोलले नाहीत. पुढच्या रविवारी कचोरीचं पुडकं घेऊन आले आणि सतरंजीवर मधोमध ठेवलं.

"बरोबर हाय बाई तुमचं. ते म्या टूरिंग टॉकीजमंदी पाह्यलं, लय दिवसानं. पिच्चरच्या आधी रीळ दाखवत ना, त्याच्यात. बाप बाजूले बसून होता. म्हने, हे चंद्रबिंद्र काही नाही, कोन्या खदानीत जाऊन फोटू काढले यायनं."

आम्ही कचोरी खाल्ली, आणि सगळ्यांचं एकमत झालं की टीव्हीवाल्या आठवणीपेक्षा ही बापवाली आठवण किती तरी चांगली आहे. तेव्हापासून नियम झाला. जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच सांगायचं. सांगून झालं की उलटतपासणी.

काकूंची स्वतःची आठवण उलटतपासणीत पास झालेली आहे. आपला माणूस वर गेल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि त्यांना वाटलं, तो आता अकोटावरून जाणार. संध्याकाळी त्या झेंडूच्या वाफ्यात उभ्या राहून ओढणी हलवत राहिल्या. आई बांधावरून ओरडली, "काय करून राह्यली वं? पाखरं हाकलून राह्यली काय?"

"त्यानं पाह्यलं असन का हो?" काकू अजून विचारतात.

"पाह्यलं ना," काका म्हणतात. "म्हनून तर सुखरूप खाली आला."

मी या मंडळींत आलो तो योगायोगाने. मी इचलकरंजीचा. आठवीत शाळा सोडली आणि यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलो. आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवले, मग दुरुस्त करायला शिकून जॉबर झालो. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत नवा कारखाना उभा राहिला तेव्हा तिथल्या मालकाला जुनी माणसं हवी होती, म्हणून इकडे आलो. बायको-मुलं तिकडेच. अमरावतीत एक खोली, एक गॅस, एक खुर्ची. संध्याकाळी खोलीत बसवत नसे. पायी हिंडताना एका गच्चीवर चार माणसं नळकांड्यासारखं काहीतरी आभाळाकडे लावून बसलेली दिसली. मी खाली रस्त्यावर उभा राहून पाहत होतो. वरून आवाज आला.

"ओ भाऊ, खाली काहून उभे? वर या. तिकीट नाही लागत."

त्या एका वाक्याचं माझ्यावर फार ऋण आहे. वर गेलो, तर मला दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली, चहा दिला आणि गाव विचारलं. मी इचलकरंजी सांगितलं. ते कुठे आलं, असं विचारल्यावर कोल्हापूरजवळ म्हणालो. त्या दिवसापासून माझं नाव कोल्हापूर. "ओ कोल्हापूर, सरका थोडे." "कोल्हापूरले अजून चहा द्या, ते लाजून राह्यले."

माझी स्वतःची आठवण मात्र मी बरेच महिने सांगितली नाही. माझ्याकडे ती एकच होती आणि ती फार मोठी होती. ती अशी: मी चौथीत होतो. वडिलांचा डबा घेऊन दुपारी कारखान्यात गेलो होतो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. कारखान्यात मागांचा खडखडाट इतका की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्या दिवशी मालकाने, ज्याने कधी सणालाही माग बंद ठेवले नाहीत त्याने, सगळे माग थांबवले. कारखाना गप्प झाला. मालकाने केबिनमधला ट्रान्झिस्टर बाहेर आणून स्टुलावर ठेवला, सगळे कामगार भोवती जमले आणि आम्ही ऐकलं की आपला माणूस अंतराळातून पंतप्रधानांशी बोलतो आहे.

एका माणसासाठी सगळे माग थांबले, हे मी आयुष्यभर मनात धरून होतो. मंडळींत मास्तर होते, बँकवाले होते, एकजण तर औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या गप्पांत आकडे आणि कक्षा यायच्या. माझ्याकडे सांगण्यासारखं हे एवढंच होतं. हे सांगितलं की मीही यांच्यातला, असं मी मनाशी ठरवलेलं होतं. म्हणूनच भीती. सांगितलं आणि उलटतपासणीत पडलं, तर मग मी तिथे नुसता चहा प्यायला येणारा माणूस.

मध्यंतरी आपला आणखी एक माणूस वर जाऊन आला. पोरांनी तो मोबाईलवर पाहिला, अगदी सुटताना, अगदी उतरताना. त्यानंतर अकोल्याच्या एका शाळेच्या बाईंनी कंडक्टरकाकांना निरोप दिला की तुमची मंडळी घेऊन या, आमच्या मुलांना जुन्या काळच्या आठवणी सांगा. काकांनी बोलणाऱ्यांची नावं ठरवली. स्वतः, काकू आणि मी.

"मी नको," मी म्हणालो.

"काहून?"

"माझी आठवण अजून गच्चीवर झालेली नाही."

"मंग अकोल्यातच होऊ द्या. तपासनी तिथंच करू."

रात्री झोप लागेना. अकोल्याला जायच्या दोन दिवस आधी मी थोरल्या भावाला फोन केला. दादा तेव्हा त्याच कारखान्यात कांड्या भरायला होता, अजूनही तिथेच आहे. मला फक्त खात्री करून घ्यायची होती.

"दादा, आपला माणूस अंतराळात गेलेला तवा मालकानं माग बंद केलेलं, आठवतंय न्हवं?"

पलीकडे दादा हसायला लागला. बराच वेळ हसला.

"आरं खुळ्या, मालक माग बंद करतोय व्हय? त्याचा बाप गेला त्या दिवशीबी दुसरी पाळी चालू हुती. लाईट गेल्ती लाईट."

"लाईट?"

"मग काय तर. लाईट गेली, माग थांबलं, म्हणून मालकानं टाइमपासला रेडिओ लावला. त्याच्यात सेल हुतं. तू काय बी बोलालायस बघ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "तुला धड ऐकायला तरी कुठं मिळालं? त्या पंतप्रधानांनी विचारलं, वरनं देश कसा दिसतोय, आणि लगेच लाईट आली की. माग सुरू झालं. त्यो काय बोलला कुणालाच ऐकू आलं न्हाई."

ते मला आठवत होतं. त्याच्यापुढचंही आठवत होतं. मी भीतभीत विचारलं, "आणि आप्पांनी हात केलेला?"

"ते खरं हाय," दादा म्हणाला. "ते मीबी बघितलंय."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिलो. माग कुणासाठी थांबले नव्हते. वीज मंडळाने थांबवले होते. मला वाटलं, काकांना फोन करून ताप आल्याचं सांगावं. सकाळी उठलो तेव्हाही तेच मनात होतं. पण कारखान्यात गेलो, एका मागाचा, आडवं सूत नेणारा धोटा अडकला होता तो सोडवला, आणि हात कामात असताना डोक्यात एक गोष्ट जागेवर आली. काकांचा टीव्ही गेला तेव्हा त्यांच्याकडे बाप उरला होता. मी संध्याकाळी काकांना फोन केला आणि किती वाजताची गाडी, एवढंच विचारलं.

अकोल्याला आम्ही एसटीने गेलो. कुणाची तरी मोटार येणार होती, पण काकांनी ऐकलं नाही. मूर्तिजापूरला गाडी भरली तेव्हा ते सीटवरून उठून "पुढं सरका, मंदी जागा हाय" असं ओरडले, आणि खरा कंडक्टर त्यांच्याकडे पाहत राहिला. काकूंनी शाळेच्या बाईंसाठी फुलांचा गजरा आणला होता, तो माझ्या मांडीवर ठेवायला दिला. "तुमचे हात रिकामे हायेत, तर यायले काम द्या," म्हणाल्या.

शाळेत पोचल्यावर बाईंनी ओळख करून देण्यासाठी विचारपूस सुरू केली. काका झाले, काकू झाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आपलं शिक्षण?"

"आठवी," मी म्हणालो.

बाईंनी कागदावर तेवढंच लिहिलं. काकू मध्येच म्हणाल्या, "हे नांदगाव पेठेत माग दुरुस्त करतेत, असं सांगा ना बाई. माग बंद पडला का यायच्याशिवाय चालत नाही."

बाईंनी तसंच सांगितलं. मी माइकसमोर उभा राहिलो. समोर मुलंमुली खाली बसलेली, आणि पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीवर कंडक्टरकाका, तपासनीसासारखे.

मी आधी डबा सांगितला, मग खडखडाट. मग म्हणालो, "त्या दिवशी माग थांबले. परवापर्यंत मी समजत होतो, आमच्या मालकाने त्या अंतराळवीरासाठी थांबवले. परवा भावाला विचारलं. तो म्हणाला, लाईट गेली होती."

मुलं हसली. हसू देत म्हटलं. काका हसले नाहीत, थोडे पुढे झुकले.

मी पुढे सांगितलं. ट्रान्झिस्टरमधून आवाज येत होता, तोही खरखरत. आप्पांनी मला पुढे ढकललं. पंतप्रधानांचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला. आणि उत्तराच्या वेळी लाईट आली.

"मग?" एका मुलीने विचारलं. हात वर न करताच विचारलं.

"मग माग सुरू झाले. काही ऐकू येईना."

"म्हणजे तुम्हाला उत्तर कळलंच नाही? ते तर आम्हाला पण पाठ आहे, 'सारे जहाँ से अच्छा'."

"कळलं ना," मी म्हणालो. "आप्पांनी सांगितलं."

मग मी त्यांना आमच्या कारखान्याची बोली सांगितली. तिथे आवाजामुळे कुणी तोंडाने बोलत नाही, हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे सूत तुटलं. मिशीला पीळ म्हणजे मालक आला. आणि तळवा छातीसमोर आडवा धरून सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला, तर सगळं चालू आहे, कुठे काही तुटलेलं नाही. मी त्या दिवशी आप्पांकडे पाहून बोट वर केलं, तो काय म्हणाला, असं विचारलं. आप्पा तोवर आपल्या मागापाशी पोचले होते. त्यांनाही काही ऐकू आलेलं नव्हतं. त्यांनी छताकडे बोट दाखवलं आणि तळवा आडवा धरून सावकाश फिरवला.

"मी कित्येक दिवस शाळेत सगळ्यांना सांगत होतो की तो माणूस वरून असं म्हणाला. सगळं चालू आहे. कुठे काही तुटलेलं नाही."

बोलताना माझा हात आपोआप तसा फिरला होता. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने तो करून पाहिला. मग त्याच्या शेजारणीने. मग मागच्या रांगा. सगळ्या वर्गांचे हात छातीसमोर आडवे होऊन हळूहळू फिरत होते, आणि मी माइक धरून उभा होतो. पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. जाऊन खुर्चीत बसलो.

परत येताना गाडीत काका खिडकीबाहेर पाहत बसले. मी वाट पाहत होतो. बडनेरा आल्यावर मीच विचारलं, "काका, तपासणी?"

"कायची तपासनी," ते म्हणाले. "टीव्ही तर लावलाच नाही तुमी. होता तो रेडिओ बी बंद करून टाकला." मग काकूंकडे वळून म्हणाले, "पन रविवारी कचोरी पाह्यजे. मी आणतो. कोल्हापूरच्या बापाच्या नावानं."

खोलीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दादाचा मेसेज आला. काय झालं, विचारत होता. मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तो कारखान्याच्या दारात उभा होता, मागे माग चालू, त्याचं एक अक्षर मला ऐकू येत नव्हतं आणि माझं त्याला. त्याने भुवया वर केल्या. मी तळवा छातीसमोर आडवा धरला आणि सावकाश फिरवला.